पहिला नंबर मानाचा

जुलै उजाडला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी, अन्वरभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे प्लास्टिकच्या पारदर्शक फायली दिसायला लागतात आणि माझं डोकं उठतं. फायलीत दरवर्षी तेच असतं. गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि ती फाईल छातीशी धरून उभं असलेलं एखादं पोरगं किंवा पोरगी. शेजारी बाप, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. धुळ्यात या दिवसांत ऊन सरलेलं असतं, पण उकाडा हलत नाही. आभाळ दुपारी भरून येतं आणि कोणाचं काही देणंघेणं नसल्यासारखं निघून जातं. कागद उडतील म्हणून अन्वरभाई दुकानातला पंखा बंद ठेवतात आणि मशीनचा तो गरम, जळकट वास रस्त्यापर्यंत येतो. मी हायस्कुलात गणित शिकवते. इतकी वर्षं हा वास मला आवडायचा. माझी पोरं मार्गाला लागण्याचा वास होता तो. गेल्या वर्षीपासून तो नाकात गेला की मला कोणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटतं.

कोणाशी, हे मात्र अजून नीट ठरत नाही. नावं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक माझ्या रक्ताची आहेत.

माझं माहेर यावलकडचं. मागे सातपुडा, पुढे केळी. गावात शिरताना घरं दिसायच्या आधी बागा दिसतात, आणि वारा सुटला की ती लांबरुंद पानं एकमेकांवर आपटून असा आवाज करतात की नव्या माणसाला वाटावं, कोणीतरी वाळलेली धोतरं झटकतंय. तिथं माझे वडील असतात, सारं गाव त्यांना नाना म्हणतं. धाकटा भाऊ सुनील, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मयुरी. आई दोन-तीन वर्षांपूर्वी गेली. तिचं जाणं या गोष्टीत आहे, म्हणून सांगते. नाहीतर आईबद्दल मी असं एका वाक्यात लिहिलं नसतं.

मयुरी म्हटलं की मला आधी तिची वेणी दिसते, डोक्यावर गुंडाळून रबरानं घट्ट बांधलेली. काम करताना ती आड येऊ नये म्हणून. काम म्हणजे विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडणं. शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात मी माहेरी गेले होते. बागेला पाणी द्यायची पाळी, लाईट आलेली, आणि मोटार मुकी. नाना बांधावर येरझारा घालत वायरमनला शिव्या देत होते. पोरीनं मेन स्विच पाडला, चपला नीट घातल्या, टेस्टर लावून पाहिला, पेटीचं झाकण काढलं आणि आत नाक घातलं. म्हणाली, "कॉईल जळाली, आत्या. वास घे ना, कसा येतो." मी वास घेतला. मला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा अजून लक्षात आहे. गणित सुटल्यावर वर्गातल्या एखाद्याच पोराचा होतो तसा झाला होता.

"पोरीच्या जातीनं लाईटीत कायले हात घालते?" नाना ओरडले. तासाभरानं सुनील यावलहून कॉईल घेऊन आला, तिनं ती बसवली, पाणी धो धो पाटात आलं, आणि नाना शेजारच्या बागवाल्याला बांधावरून हाका मारून सांगायला लागले, "आमच्या मयुरीनं केलं बरं. वायरमन गेला उडत." तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. नाना असेच आहेत. आधी हात मागे ओढतात आणि मग त्याच हाताचं कौतुक गावभर करतात.

तिला इलेक्ट्रिकल करायचं होतं. कुठलंही नाही, संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजातलं. बारावीला असताना एकदा मी एका लग्नाला तिकडे गेले, तेव्हा ती माझ्याबरोबर आली होती. लग्न राहिलं बाजूला, हिनं मला त्या कॉलेजात नेलं. सुटीचा दिवस नव्हता. प्रयोगशाळेच्या खिडकीला नाक लावून ती उभी राहिली. आत मशीन चालू होत्या, जमिनीतून तो आवाज पायाला लागत होता, आणि अंगात खाकी एप्रन घातलेल्या दोन मुली एका मोठ्या मोटारीच्या तारा सोडवत होत्या. मयुरीनं मान न वळवता मला सांगितलं, "आत्या, इथं हात लावू देतात." तिला यापेक्षा जास्त काही नको होतं. काचेवर तिच्या श्वासाचा डाग पडला होता, तो तिनं निघताना ओढणीनं पुसला.

आणि प्रवेश परीक्षेत गुण तिनं मिळवले. शिकवण्या नाहीत, काही नाही. माझ्याकडे सुट्यांत येऊन गणित केलं आणि बाकीचं बागेत बसून. आदल्या वर्षी त्या कॉलेजात कोणाला किती गुणांवर जागा मिळाली, हे आम्ही पाहून ठेवलं होतं. तिला मिळण्यासारखं होतं. मी हे आशेनं म्हणत नाही, मी गणिताची बाई आहे.

गेल्या जुलैत ती धुळ्याला माझ्याकडे आली आणि पुढच्या खोलीत पंख्याखाली बसून आम्ही पसंतीक्रम लावला. ज्यांच्या घरात अजून ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉलेजं आणि शाखा आपल्या आवडीप्रमाणे एकाखाली एक लिहायच्या. संगणक वरून खाली बघत येतो आणि जिथं आपले गुण बसतात तिथं जागा देतो. यात एक मेख आहे. पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं मिळालं तर तेच घ्यावं लागतं. तुम्हीच म्हणालात ना, हे मला सगळ्यात जास्त हवंय, मग आता पुढच्या फेऱ्यांत तुमचं काय काम, असा सगळा सरळ हिशेब. आम्ही दिवसभर घासाघीस केली. हे पलंगावर पेपर वाचत पडले होते. आमचे हे साक्री तालुक्यातले, घरात अहिराणीच बोलतात. चष्म्यावरून बघत म्हणाले, "इतला इचार करी राहिनात, लगीननी पत्रिका शे का?" आम्ही दोघी हसलो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

मी सुनीलला फोन करून सगळं सांगितलं. पहिल्या क्रमांकाचा नियम दोनदा सांगितला. तो म्हणाला, "हो ना अक्का. आणि असं कोठी राह्यतं का, की मिळालं म्हंजे घ्यायचंच? काही झालं तर नंतर बदलून घेऊ." मी म्हटलं, बदलता येत नाही. तो म्हणाला, बरं. आमच्या भागात हे 'बरं' फार वापरतात. त्याचा अर्थ, तू बोल, मी ऐकलेलं नाही.

शेवटचं पक्कं करायचं बाकी होतं, त्याला ओटीपी लागतो आणि अर्जावर नंबर होता सुनीलचा. पोरींच्या अर्जावर बापाचाच नंबर असतो. हे कोणी ठरवलं, माहीत नाही, पण माझ्या वर्गातल्या मुलींना विचारलं तर दहातल्या नऊ जणी हेच सांगतील. सुनील म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेता, मी यावलच्या कॅफेतून करून टाकतो. मयुरी माझ्याकडेच होती. मी तिला त्या दिवशी पांझरेच्या पुलावर नेऊन भेळ खाऊ घातली. ती पाण्याकडे बघत होस्टेलला काय काय न्यायचं ते सांगत होती. टेस्टर न्यायचा होता.

ज्या दिवशी जागा जाहीर झाल्या त्या दिवशी तिनंच मोबाईलवर पाहिलं. किंचाळली नाही, रडली नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, दुसऱ्याच कोणाचं तरी उघडलंय."

दुसऱ्या कोणाचं नव्हतं. तिचंच नाव, तिचेच गुण, आणि खाली आमच्या यावल रस्त्यावरचं आबासाहेबांचं कॉलेज. आम्ही लावलेला क्रम उघडून पाहिला. आमचा एकही शब्द कोणी खोडला नव्हता. सगळं जसंच्या तसं, एकेक ओळ खाली सरकलेलं. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या क्रमांकाला, आबासाहेब.

आबासाहेबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या भागातले मोठे माणूस. शाळा त्यांच्या, पतसंस्था त्यांची, आणि अलीकडे हे इंजिनिअरिंग कॉलेज. केळीच्या बागांमध्ये उभी असलेली गुलाबी इमारत, निम्म्या खोल्यांना अजून दारं नाहीत. पण माणूस वागायला गोड. माझी आई गेली तेव्हा दहाव्याला ते आले होते. त्यांच्यासाठी खुर्ची आणली तर त्यांनी ती बाजूला सारली आणि सगळ्यांबरोबर जमिनीवर बसले. पांढरे स्वच्छ कपडे, धुळीत. मी ते पाहिलं होतं आणि मलाही भरून आलं होतं. नानांनी ते मनात कोरून ठेवलं.

गेल्या जुलैत, यादी पक्की करायच्या शेवटच्या दिवशी सकाळी, ते नानांच्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, नाना, तुमची नात हुशार आहे असं ऐकतो, आपलंही कॉलेज आहे बरं का. एवढंच. त्यांनी काही मागितलं नाही, धमकावलं नाही. त्यांना गरजच नव्हती. ते गेल्यावर नाना सुनीलला म्हणाले, पहिलं नाव आबासाहेबांचं टाक.

हे मला सुनीलनं फोनवर सांगितलं. पुढचं ऐकायला मी फोन कानाशी ठेवलाच नाही. मयुरीला घेऊन धुळ्याच्या स्टँडवर गेले आणि मिळेल त्या एसटीत बसले. अमळनेर, चोपडा, यावल. खिडकीतून कापसाची हातहात वाढलेली रोपं सरकत होती, बाया निंदत होत्या, आणि मयुरी माझ्या शेजारी फाईल मांडीवर घेऊन बसली होती. रस्ताभर ती एकच वाक्य बोलली. "पप्पांनी मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नसेल." अठरा वर्षांची पोर. मला वाटलं बस थांबवून उतरावं आणि रस्त्यावरचा एकेक दगड उचलून फेकावा.

नाना ओट्यावर बसले होते. मी आत गेलेच नाही, पायऱ्यांवरच सुरू केलं. चिडले की माझी शाळेतली मराठी गळून पडते.

"नाना, ही काय लगनाची पत्रिका होती का?"

"बाई, तू कायले एवढी चिडते?" नाना शांत होते, त्यांना खरंच कळत नव्हतं. "पहिला नंबर मानाचा राह्यतो. खाली तुमच्या मनाचं होतंच ना लिहेल. आम्ही खोडलं का त्यातलं काही? सुनील, खोडलं का?"

"नही," सुनील म्हणाला.

"नवी बाग कापतो तव्हा पहिला घड मारुतीले देतो आपण. त्यानं बाग कमी होते का? पहिला त्याचा, बाकी बाग आपली. तसंच हे."

आणि मला कळलं. नाना खोटं बोलत नव्हते, लबाडीही करत नव्हते. त्यांच्या हिशेबात पहिली ओळ ही आपली नसतेच. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर शंभर नावं असतात, आणि कोणाचं नाव कोणाच्या वर छापलं यावरून सख्खे भाऊ जन्माचा अबोला धरतात. पंगतीत पहिलं ताट कोणाचं, मिरवणुकीत पहिला नारळ कोणाचा, गाडीत पुढच्या सीटवर कोण, हे सगळं आम्हाला तोंडपाठ. पहिलं द्यायचं आणि दुसऱ्यापासून आपलं सुरू करायचं. हे लोक संगणकासमोर बसले आणि त्यालाही त्यांनी आपल्यातलाच एक समजलं. त्याला कळेल की वरचं नाव बरं दिसावं म्हणून आहे. गावातल्या कोणत्याही पोराला कळलं असतं.

नियम कुठं लिहिला होता? साइटवर, इंग्रजीत, पानापानांच्या त्या कागदपत्रात बारीक अक्षरांत. ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्यातला एकही माणूस ते वाचणार नाही, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल का? मला त्याचाही राग आहे. पण खरं सांगायचं तर तो राग पुरत नाही. कारण नियम मी मराठीत सांगितला होता. दोनदा. माझ्या तोंडून.

मी आतल्या खोलीच्या दारात वहिनीला पाहिलं. पदर तोंडाशी धरून उभी होती. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ती म्हणाली, "चहा मीच केला, अक्का. मले वाटलं पाव्हणे आले." पाहुणेच आले होते. तिचंही चुकलं नव्हतं.

मग जे करतात ते सगळं केलं. मदतीच्या नंबरवर फोन लावला, तिकडून एक थकलेला आवाज नम्रपणे म्हणाला, मॅडम, उमेदवारानं स्वतः पक्कं केलेलं आहे. उमेदवार माझ्या शेजारी नखं कुरतडत बसली होती. मी आबासाहेबांकडेही गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "ताई, मुलगी घराजवळ राहील. याच्यातच तिचं कल्याण आहे." त्यांच्या टेबलावर गुलाबाची फुलं होती, पहिल्या दिवशी पोरांना द्यायला. मी उठून आले. घरी सगळ्यांनी ठरवलं की वर्ष वाया घालवण्यापेक्षा आता प्रवेश घ्यावा. वर्ष वाया घालवण्यापेक्षा, हे शब्द नानांचे.

ऑगस्टात चौफुलीवर फ्लेक्स लागला. आबासाहेबांचा चेहरा ताटाएवढा, मयुरीचा पुरीएवढा. खाली 'गुणवंत विद्यार्थिनी, आमच्या संस्थेची शान'. तिनं आमच्या घरच्या पंख्याखाली मिळवलेले गुण, माझ्या हातची खिचडी खाऊन, आणि शान यांची. नाना मोटारसायकलवरून जाताना सुनीलला तिथं थांबायला लावत. मला ते फोनवर सांगायचे, अजून लागलेला आहे बरं का. मी फोन ठेवून द्यायचे.

तिचा फोन शनिवारी यायचा. सुरुवातीला कॉलेजचं काही बोलायची नाही. मग एकदा म्हणाली, "आत्या, आज बेसिक इलेक्ट्रिकलचं प्रॅक्टिकल होतं. मोटारीची आकृती काढली."

"आणि मोटार?"

"मोटार आहे ना. काचेच्या कपाटात आहे. तिला हार घातलेला आहे दसऱ्याचा. सर म्हणाले हात लावू नका, शॉक बसेल." आणि ती हसली. मला ते हसू ऐकवलं नाही. स्टार्टर उघडून जळक्या कॉईलचा वास ओळखणारी ही पोर, आणि हिला मोटारीची पूजा करायला शिकवतात.

थंडीत मी माहेरी गेले तेव्हा ती ओट्यावर अभ्यास करत होती. समोर पुन्हा तीच प्रवेश परीक्षेची पुस्तकं. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "पुन्हा देते." जरा वेळानं पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "नाना म्हणतात ना, पहिला घड मारुतीले. मी विचार केला, आत्या. तो घड मीच होते." त्या वेळी ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. मला तिची पाठ थोपटावीशी वाटली, पण तिला ते आवडलं नसतं.

मानाच्या विरुद्ध मी नाही. कोणी म्हणेल, धुळ्याला गेली, शिकली, आता हिला जुनं सगळं खुपतं. तसं नाही. दहाव्याला जमिनीवर बसलेला माणूस मी विसरलेले नाही. त्याच्या ऋणातून उतराई व्हायचं तर नानांनी व्हावं. स्वतःची मान लववावी, बागेतला घड न्यावा, त्यांच्या दारात हात जोडून उभं राहावं. मी आडवी आले नसते. पण आमच्या घरांतला मान बहुतेक वेळा जो देतो त्याच्या ताटातून जात नाही. तो घरातल्या सगळ्यात शेवटी जेवणारीच्या ताटातून जातो. माझ्या वेळी जळगावच्या कॉलेजात मला पदार्थविज्ञान घ्यायचं होतं. काकांनी सांगितलं पोरीला गणित बरं, प्रयोगांना उशीर होतो, अंधार पडतो. काकांचा मान म्हणून नानांनी हो म्हटलं. गणित मला नंतर आवडलं, ही माझी मेहनत. ते श्रेय मी काकांना देत नाही.

परवा अन्वरभाईंच्या दुकानात एक शेतकरी भेटला, मुलगी बरोबर. मला शाळेमुळे ओळखत होता. कच्चा कागद पुढे करून म्हणाला, "मॅडम, आमना गावनं कॉलेज पहिलं लिखस. बरं दिसस." मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मुलीच्या हातात दिलं. तो बिचारा बघतच राहिला. माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण अन्वरभाईंनी मशीन थांबवली आणि म्हणाले, "मॅडम, पहले पानी पिओ." मी पाणी प्यायले. पण पेन परत दिलं नाही.

या रविवारी मी माहेरी गेले. मयुरीनं परीक्षा पुन्हा दिली, गुण पुन्हा आले, गेल्या वर्षीपेक्षा कणभर जास्तच. पुन्हा तीच यादी. पुढच्या खोलीत माझा लॅपटॉप, एका बाजूला सुनील, दाराशी वहिनी लसूण सोलत बसलेली. बागेत कापणी चालू होती, दुरून माणसांचे आवाज येत होते. नाना बागेतच होते. मयुरीनं पहिली ओळ टाइप केली. संभाजीनगर, सरकारी, इलेक्ट्रिकल. दुसरी, तिसरी, चौथी. मी फक्त बघत होते.

सुनील हळूच म्हणाला, "खाली कोठी तरी आबासाहेबांचं टाक ना, बाई. एकदमच नाव नसलं तर त्याइले काय वाटीन?"

"कोठीच नही, पप्पा," मयुरी म्हणाली.

सवयीनं सुनीलनं आपला मोबाईल हातात काढून ठेवला होता, ओटीपी यायचा म्हणून. त्याच्यावर काही आलं नाही. मोबाईल वाजला तो मयुरीचा. यंदा अर्जावर तिनं स्वतःचा नंबर दिला होता, हे त्याला तेव्हा कळलं. तिनं आकडे टाकले, पक्कं केलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. वहिनीनं लसणाची सुपली बाजूला ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. लसूण सोलताना डोळ्यांत पाणी येत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात नाना आले. खांद्यावर घड, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. नव्या बागेचा पहिला घड होता, भरदार, एकही फणी वाकडी नाही. दारातूनच त्यांनी खोलीत नजर फिरवली. झालं, हे त्यांना कळलं असावं. ते मयुरीसमोर येऊन उभे राहिले. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "यंदा मारुतीले नही नेला. पहिला घड तुले."

मी नानांना इतक्या वर्षांत असं काही बोलताना ऐकलं नव्हतं. सुनीलनं मान खाली घातली. मलाही वाटलं, आता ही उठेल.

मयुरी उठली नाही. नानांकडे बघून, आवाज न चढवता म्हणाली, "मले केळं नको, नाना. माझं वर्ष द्या."

नाना तसेच उभे राहिले. घड कुठं ठेवावा, त्यांना कळेना. जमिनीवर टेकवला की केळी काळी पडतात, म्हणून खाली काहीतरी अंथरावं लागतं आणि ते दरवेळी वहिनी अंथरते, नाहीतर मी. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वहिनी बसून राहिली. मीही उठले नाही.